गव्हावरचा संशय

पाळणाघराच्या फॉर्मवरचे सगळे रकाने भरून झाले होते, एक सोडून. 'बाळाला कोणता पदार्थ चालत नाही?' या ओळीपुढे मनीने पेन्सिलीने 'गहू?' असं लिहिलं होतं, आणि पाळणाघराच्या बाईंनी फॉर्म तसाच तिच्याकडे परत सरकवला होता.

"अहो, इथे प्रश्न आम्ही विचारायचे, उत्तरं तुम्ही द्यायची," त्या हसल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "अठरा मुलं एका टेबलाशी जेवतात हो. एकाचा घास दुसऱ्याच्या तोंडात जायला कितीसा वेळ? नक्की काय टाळायचं ते कळल्याशिवाय मी तिला घेऊ शकत नाही. डॉक्टरांची सही आणा. पुढच्या सोमवारपर्यंत जागा धरून ठेवते."

त्याच सोमवारी मनीची रजा संपत होती. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, आणि तिच्या वाटणीच्या चुका शोधून शोधून तिथले दोघे आता कावले होते. पण तिला खरी धास्ती होती ती रजेची नाही. गहू म्हणजे बाबा.

मनीचे बाबा पाव भाजायचे. गल्लीच्या कोपऱ्यावर खाली त्यांची भट्टी, वर राहायच्या दोन खोल्या, आणि या दोहोंच्या मधे जिकडेतिकडे पीठ. जिन्यावर, खिडकीच्या गजांवर, बाबांच्या भुवयांवर. लहानपणी तिला वाटायचं, सगळ्यांचेच बाबा संध्याकाळी पांढरे होऊन घरी येतात. शेजारचा शिंपी तसाच काळा परत आलेला पाहून तिने विचारलं होतं, "यांना आज काम नव्हतं का?" ती गोष्ट आईने पुढे कितीतरी वर्षं येईल त्याला ऐकवली. आई जिन्यावरच्या ठशांवरून ओळखायची, वर कोण गेलं आणि कोण पाय न पुसता गेलं. शाळेत मनीच्या वह्यांना पावाचा वास यायचा. बाकावरची मैत्रीण म्हणायची, तुझ्याशेजारी बसलं की गणित सुचत नाही, नुसती भूक लागते.

आणि दुपारची भट्टी! शाळेतून आलं की दप्तर कोपऱ्यात, हात धुवायचे, उलट्या खोक्यावर उभं राहायचं. फुगलेल्या पावांचे ट्रे एकेक पुढे यायचे आणि मनी वाटीतली पिवळी झिलई ब्रशने त्यांच्या पाठीवर ओढायची. हलक्या हाताने, नाहीतर पाव बसतो. बाबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "भाजतो मी, पण चमक आमच्या मनीची." त्या वाक्यावर ती आठवडा काढायची.

आई जाऊन आता चार वर्षं झाली होती. खोल्यांत बाबा एकटे. दर रविवारी ठकीला घेऊन तिथे जायचं, हा मनीचा नेम. ठकी म्हणजे तिची अकरा महिन्यांची लेक, गालाने पुढे आणि नाकाने मागे. आपण रांगलो त्याच फरशीवर ती रांगताना पाहिली की मनीला वाटायचं, आई आत्ता आतून हाक मारेल.

दीड महिन्यापूर्वीच्या एका रविवारी तिथेच ते पहिल्यांदा झालं. ठकीला दात येत होते म्हणून बाबांनी पावाची खरपूस कड तिच्या मुठीत दिली. अर्ध्या तासात हनुवटी, मान लालभडक झाली, गांधी उठल्या, एक डोळा सुजला. पुढच्या रविवारी तेच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाव बंद, बाबांच्या घरी नेणं बंद, आतापर्यंत जे खाल्लं आणि जे झालं ते सगळं आठवून लिहा, पुढचं रोज लिहून ठेवा. मनीने वही घातली. खाणं काळ्या शाईने, पुरळ लाल शाईने. नवरा म्हणाला, "ठकीच्या पोटाचीसुद्धा मुद्रितं तपासतेस का गं?" तो विनोद त्याला महागात पडला. त्या दिवसाची सगळी लाळेरी त्यालाच धुवावी लागली.

बाबांना सांगितलं तेव्हा ते आधी भडकलेच.

"गव्हाने? माझ्या गव्हाने?"

"तुमचा-आमचा असं नसतं हो बाबा."

"तुलाही व्हायचं असं, एवढीशी असताना. तुझी आई म्हणायची भट्टीची झळ लागली. ओलं फडकं ठेवायची मानेवर. गेलं की मग आपोआप!"

"तेव्हा कुणी विचारलंच नाही ना, कशाने होतंय ते."

पुढच्या बुधवारी बाबा मनीच्या घरी आले ते ओल्या केसांनी, इस्त्रीचा शर्ट घालून. दाराशीच उभे राहिले, हात पाठीमागे धरून. ठकी त्यांना पाहून दोन्ही हात पसरून ओरडत होती.

"उचला ना."

"नको. नखांत असतं ते. कितीही धुतलं तरी."

ठकी रडली. बाबांनी दुरूनच टाळ्या वाजवल्या, तोंड वाकडं करून दाखवलं आणि पाचव्या मिनिटाला, भट्टी बघायला हवी म्हणून, निघून गेले.

गुरुवारी ठकीला घेऊन पाळणाघरात तासभर बसून यायचं होतं, जागेची सवय व्हावी म्हणून. बाई म्हणाल्या, तेवढ्यात तुम्ही स्वयंपाकघरात मावशींना भेटा. मावशी गेली वीस वर्षं तिथलं जेवण करत होत्या. त्यांनी पातेल्याखालचा गॅस बारीक केला, चष्मा लावला आणि मनीची वही पहिल्या पानापासून वाचायला घेतली.

"अक्षर छान आहे हो. बरं, हे काय? मंगळवारी पाव, दुधात भिजवून. पुढे काही नाही. रविवारी पाव, आणि पुढे सगळं लाल. एकाच गव्हाचे दोन निकाल?"

"मंगळवारी मी मधला मऊ भाग दिला होता. डॉक्टर म्हणाल्या, कमी पोटात गेला असेल."

"आणि रविवारी?"

"कड चोखायला दिली होती. दात येताहेत ना."

"कडेला पीठ वेगळं असतं का?"

"छे, तेच."

"वर काही लावतात?"

"काही नाही," मनी म्हणाली. "नुसती झिलई."

"कशाची?"

मनीच्या जिभेआधी हातांना आठवलं. दोन फोडायची, चिमूट मीठ, चमचाभर पाणी, काट्याने फेटायचं, फेस येऊ द्यायचा नाही. खोक्यावर उभं राहून हजार वेळा केलेलं.

"अंड्याची," ती म्हणाली.

मावशींनी वहीचं पहिलं पान पुन्हा उघडलं. तिथे मनीच्याच अक्षरात, खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं: अंडं अजून दिलेलं नाही.

"अगं बाई!" मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा काढून ठेवला.

मनीच्या माहेरी अंडं म्हणजे ताटात घेऊन खायचं ते. झिलई ही बुटाच्या पॉलिशसारखी गोष्ट होती. ती कुणी खाण्यात धरलीच नव्हती, ना आईने, ना बाबांनी, ना मनीने. पानभर मजकुरातून एक सुटलेला अनुस्वार हुडकणाऱ्या मनीने आपलं अख्खं लहानपण वाचायचं सोडलं होतं.

पाळणाघरातून ती घरी गेलीच नाही. ठकीला मावशींच्या नजरेखाली दहा मिनिटं ठेवून ती तशीच जवळच्या भट्टीपर्यंत पळाली. बाबा दुपारच्या ट्रेंवर ब्रश फिरवत होते. तिने धापा टाकत सांगितलं.

"म्हणजे गहू नाही?"

"ते डॉक्टर सांगतील. पण बहुतेक नाहीच."

"झिलईने कसं होईल?" बाबांनी हातातल्या वाटीकडे पाहिलं. "ती खायची थोडीच असते? ती दिसायची असते."

शनिवारी डॉक्टरीणबाईंनी ठकीच्या हातावर तीन थेंब टाकले आणि प्रत्येकातून बारीक सुई टोचली. ठकीने दवाखाना डोक्यावर घेतला. गव्हाची आणि दुधाची जागा तशीच राहिली, अंड्याची टरारून फुगली. मग झिलईशिवाय भाजलेल्या पावाची कड त्यांच्यासमोरच द्यायची होती, आधी चिमूटभर, मग थोडी जास्त, आणि नंतर दोन तास तिथेच बसून राहायचं होतं. तो पाव बाबांनी फडक्यात असा गुंडाळून आणला होता की जणू चोरीचा माल. मातकट, निस्तेज, वयस्क दिसणारा पाव.

"मी केलाय म्हणून कुणाला सांगू नकोस," ते कुजबुजले.

ते लांबच्या खुर्चीवर जाऊन बसले. वेळ जाईना, तेव्हा बोलायला लागले. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात आईने पिठाचं पोतं जिन्यावर सांडलं होतं आणि दोघं हसत हसत पायऱ्या झाडत बसले होते. मनी झाली त्या दिवशी भट्टीकडे बघायला कुणी नव्हतं, सगळा घाणा करपला, तरी गल्लीने तो निमूट विकत घेतला. "काळा पाव, पण गिऱ्हाईक एक परत गेलं नाही," बाबा म्हणाले. मनीने हे कधीच ऐकलं नव्हतं. आईबद्दल ते चार वर्षांत एवढं बोलले नव्हते. ती ऐकत होती आणि दर दोन मिनिटांनी ठकीची मान उजेडाकडे वळवून बघत होती.

दोन तासांनी डॉक्टरीणबाईंनी मान पाहिली, हनुवटी पाहिली, झबलं वर करून पोट पाहिलं. ठकीने त्यांचा स्टेथोस्कोप तोंडात घातला.

"काही नाही. गहू चालेल. अंडं मात्र अजिबात नाही, झिलईचंसुद्धा. सहा महिन्यांनी पुन्हा बघू. कुठे करायची सही?"

मनीने फॉर्म पुढे केला. सही झाली. बाबा उठून उभे राहिले होते, पण पुढे येत नव्हते.

"डॉक्टर, मी दिवसभर अंडी फोडतो. मी हिला हात..."

"साबणाने स्वच्छ धुवा आणि खुशाल घ्या."

बाबा बेसिनपाशी गेले. बाह्या कोपरापर्यंत सारून त्यांनी हात धुतले, एकदा, मग पुन्हा, बोटं एकेक करून. टॉवेलने पुसून झाले, तरी हात हवेत धरून वाळवत उभे राहिले. मग आले आणि महिन्याभराने ठकीला उचलून घेतलं. तिने त्यांचा कान पकडला.

"केवढी जड झाली गं ही," बाबा म्हणाले.