एका टीशर्टाचे सव्वादोनशे

“उद्या सांगते मॅडम, उद्या!” असं म्हणून भिवराबाईने फोन बंद केला आणि हाताला चटका बसल्यासारखा तो शेजारी गोधडी शिवत बसलेल्या छबुबाईच्या ओटीत टाकला.

“काय झालं माय?”

“इच्यारायल्यात, किती घ्याल म्हून.”

“मग सांगायचं की!”

“काय सांगू? मला आजपातुर कुनी इच्यारलंय का?”

खरंच कुणी विचारलं नव्हतं. भिवराबाईने बावीस हंगाम नवऱ्याच्या, शहादेवच्या, जोडीने कारखान्यांचा ऊस तोडला होता. नवराबायको मिळून हिशेबात एकच ‘कोयता’; टनाचा भाव कारखाना ठरवायचा, उचल मुकादम ठरवायचा. यंदाच्या दुष्काळात ऊस उभ्या जागी वाळला, कारखाने जानेवारीतच थंड झाले आणि दोघं दिंद्रुडला परत आली. गावातल्या महिलांच्या सहकारी संस्थेत भिवराबाई गोधड्या शिवायला बसू लागली, तर तिथली मजुरी अध्यक्षीण सत्यभामाबाई ठरवायच्या. एका गोधडीला चारशे. त्यावर कुणी काही बोलायचं नाही, आणि बोलावं असं कुणाला वाटतही नव्हतं.

आज सत्यभामाबाई बीडला बैठकीला गेलेल्या, आणि नेमका आजच परळीहून फोन आला. सरस्वती मॅडम म्हणून शाळेत खो-खो शिकवून निवृत्त झालेल्या बाई होत्या. मुलींचा संघ दरवर्षी स्पर्धेला न्यायच्या, आणि दरवर्षी संघाला नवा टीशर्ट असायचा. असे वीस वर्षांचे वीस टीशर्ट त्यांनी जपून ठेवले होते. त्यांची एकच गोधडी त्यांना हवी होती.

“आधी शिवून तर बघू,” भिवराबाई म्हणाली. “शिवल्याबिगर काय कळंल?”

छबुबाई पळत घरी गेली आणि पोराचे दोन विटके टीशर्ट घेऊन आली. पण ते कापड म्हणजे भलतंच द्वाड. ओढलं की लांब, सोडलं की गोळा. सरळ घातलेला धावदोरा सापासारखा वाकडा दिसायचा. दोनदा उसवलं. तिसऱ्या वेळी भिवराबाईने जुन्या लुगड्याचा तुकडा घेतला, टीशर्टाच्या आतून लावला, चारी बाजूंनी कच्चे टाके मारले आणि मग चौकोन कापला. कापड एकदम शहाण्यासारखं सपाट पडलं.

“आगं, बसलं की गं!” छबुबाई टाळी वाजवून ओरडली.

“वरडू नकू. घड्याळ बघ. किती वाजले?”

तेवढ्यात पाण्याचा टँकर आला. घागरी घेऊन सगळी आळी धावली, या दोघीही धावल्या. परत आल्यावर छबुबाई म्हणाली, “तीन तास झाले बग.”

“अडीच धर. टँकरचा अर्धा तास गिऱ्हाइकाचा न्हाई.”

संध्याकाळपर्यंत दोन चौकोन जोडून, अस्तर लावून, वर दाट टाके घालून झाले. मग दोघी भिंतीला टेकून बोटं मोजत बसल्या. वीस टीशर्टांना दोघींचे सहा दिवस, म्हणजे बारा रोज. बाईचा रोज तीनशे धरला तर छत्तीसशे. अस्तर, दोरा, लुगडी पाचशे. संस्थेचा वाटा चारशे. भिवराबाईने पुन्हा मोजलं, पुन्हा तेच आलं. साडेचार हजार. एका टीशर्टाचे सव्वादोनशे!

“लोक हसतील,” छबुबाई पुटपुटली.

“हसू दे. आपुन चोरी केली का?”

दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाईंनी आकडा ऐकला आणि कपाळाला हात लावला. “साडेचार हजार? भिवरा, गोधडी हाय ती, पैठनी न्हाई. लोकाच्या घरी माय फुकट शिवून देती.”

“माय दिती, बाई. म्या त्यांची माय न्हाई.”

“गिऱ्हाईक जाईल हातचं. संस्थेचं नाव हाय त्याच्यात.”

“मंग तुमी सांगा कावून कमी करू. कंचा दिवस काढू ह्याच्यातला?”

सत्यभामाबाईंनीच मॅडमना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मध्ये ठेवला. भिवराबाईने एका दमात सगळं सांगितलं. सहा दिवस, दोन बाया, अस्तर, दोरा, साडेचार हजार. मग मॅडम म्हणाल्या, “खूप होतात हो. मी तीन हजारच बाजूला काढलेत.”

सत्यभामाबाई तीन बोटं नाचवून ‘हो म्हण’ सांगू लागल्या. भिवराबाईने त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

“रोज न्हाई कमी व्हायचा, मॅडम,” ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला. “टीशर्ट कमी करा. बाराची ल्हान गोधडी सत्ताविसशेला देते. कंचे बारा, ते तुमी ठरवा.”

मग पलीकडून हसू ऐकू आलं. “परवा एसटीने येते.”

मॅडम आल्या, उन्हाने लाल झालेल्या, खांद्याला मोठी पिशवी. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी सतरंजीवर वीसच्या वीस टीशर्ट मांडले, आणि संस्थेची अंधारी खोली जत्रेसारखी दिसू लागली. हा पहिला, यात आम्ही हरलो. हा निळा, यात कप्तान पोरीचा गुडघा फुटला तरी ती पळत राहिली. बाया शिवण सोडून भोवती जमल्या. कोणता ठेवायचा, कोणता काढायचा, सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मॅडमनी चार वेळा निवड बदलली. शेवटी बारा झाले. सात टीशर्ट पिशवीत गेले, पण एक पिवळा काही त्यांच्या हातून सुटेना.

“हा तीन वर्षांमागचा,” त्या म्हणाल्या. “त्या वर्षीही पाणी नव्हतं. स्पर्धाच रद्द झाली. पोरींनी टीशर्ट घालून नुसता फोटो काढला. त्यातल्या चौघी नंतर शाळेत आल्याच नाहीत.”

छबुबाईचे डोळे भरले. “द्या मॅडम, ह्यो म्या फुकट लावते.”

भिवराबाईने तिचा हात धरला. “फुकट न्हाई.”

सत्यभामाबाईंनी मान खाली घातली. भिवराबाई मॅडमकडे वळली. “बाराच्या चौकटीत तेरावा बसत न्हाई. पन मागच्या अंगाला, मधोमध लावते. पांघरलं की तुमच्या छातीवर येईल. त्याचे सव्वादोनशे.”

मॅडमनी मनातल्या मनात बेरीज केली. “दोन हजार नऊशे पंचवीस,” त्या म्हणाल्या, “तीन हजारांत बसतंय की!” आणि इतक्या मोकळ्या हसल्या की बायाही हसू लागल्या. सत्यभामाबाईंनी पावतीपुस्तक उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि भिवराबाईला विचारलं,

“किती लिहू?”

चौथ्या दिवशी दुपारी भिवराबाई घराच्या उंबऱ्यात पिवळ्या टीशर्टावर टाके घालत बसली होती. तिची बोटं भराभर चालत होती. आणखी दोन फोन आले होते, एक माजलगावचा आणि एक थेट पुण्याचा, आणि दोघांनाही तिने न अडखळता भाव सांगितला होता. शहादेव बाजेवर पडून तिच्याकडे बघत होता.

“भिवरे,” तो म्हणाला, “आपल्या कोयत्याला काय रोज पडत व्हता गं? तुज्या एकलीचा?”

ती उत्साहाने मोजायला लागली. पहाटे तीनला उठून भाकरी. मग फड. तोडायचं, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. गाडी रात्री भरली तर रात्री. लेक तीन महिन्यांची होती तेव्हा तिला बांधावर निजवून... तिची बोटं थांबली.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली.

दोरा संपला होता. तिने नवा दोरा घेतला, पण सुईचं नाक तिला नीट दिसेना. शहादेव उठून तिच्याजवळ बसला. कोयत्याने घट्टे पडलेल्या बोटांत त्याने सुई धरली, दोऱ्याचं टोक जिभेवर ओलं केलं आणि ओवायला लागला. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदाही चुकलं. भिवराबाईने सुई मागितली नाही. मांडीवर गोधडी घेऊन ती वाट बघत राहिली.