दोन अंगणांतली गुराब

देवराव महायुद्धाच्या काळात आरमारात होते, हे ठाऊक नसलेला माणूस अकोल्याच्या जुन्या शहरात शोधूनही सापडला नसता. ते स्वतःच सांगायचे. बोटीच्या पोटात, बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी तीन वर्षं कोळसा ओढला होता. युद्ध संपल्यावर एका तेलगिरणीत बॉयलरवरच लागले. काम तेच राहिलं, फक्त खालचा समुद्र गेला.

त्यांची थोरली लेक इंदू. सत्तावन साली त्रिशरण-पंचशील म्हणून तिचं लग्न अमरावतीत झालं आणि तिथल्याच मुलींच्या शाळेत ती इतिहास शिकवू लागली. एकसष्टच्या दिवाळीच्या सुटीत ती माहेरी आली, तेव्हा जेवता जेवता सहज बोलून गेली की शाळेच्या प्रदर्शनासाठी मराठ्यांच्या आरमारातली एक गुराब हवी आहे, लाकडाची, अगदी मापात. गुराब म्हणजे पुढे चोचीसारखी लांब नाळ काढलेलं लढाऊ जहाज. देवरावांनी हातातला घास ताटात ठेवला.

"मी करतो," ते म्हणाले.

हेच दोन शब्द चार दिवसांपूर्वी तिच्या सासऱ्यांनी उच्चारले होते.

सासरे बुधाजी सुतारकामात मुरलेले. बैलगाडीच्या चाकापासून देवळाच्या दारापर्यंत काहीही करायचे, आणि त्यांना कोणी शब्दानं नावं ठेवलेली नव्हती. मात्र त्यांनी लग्नात देवरावांना नावं ठेवली होती. लेकीला दिलेल्या पलंगावर त्यांनी नुसता हात टेकला आणि चारचौघांत सांगितलं की याचा एक पाय आखूड आहे. पाय खरंच आखूड होता, म्हणून देवरावांना ते जास्तच लागलं. तेव्हापासून दोघे व्याही एकमेकांशी बोलायचे ते इंदूमार्फत. समोरासमोर बसलेले असले तरी.

आता एकाला हो म्हणावं तर दुसरा रुसणार. इंदूनं रात्रभर विचार केला आणि सकाळी चौकटीच्या कागदावर दोन फुटांना एक इंच अशा मापानं जहाजाचा आराखडा काढला. मग कात्री घेतली आणि जहाज मधोमध कापलं. नाळेकडची बाजू वडिलांच्या हातात दिली. पिछाडी अमरावतीला नेऊन सासऱ्यांना दिली. दोघांनाही आपल्याला कमी मिळालं असं वाटलं, त्यावरून तिनं ओळखलं की वाटणी बरोबर झाली.

देवरावांनी गिरणीत मशीन आलेल्या खोक्यांचं देवदार मागून आणलं. आधी तळाचा कणा बसवला, त्यावर फासळ्या उभ्या केल्या, आणि मग बाहेरून बारीक फळ्या ठोकायला घेतल्या. नाळेपाशी फळ्यांना बाक द्यायचा तर त्या मोडायच्या. त्यावर त्यांना त्यांच्या धंद्यातलाच उपाय सुचला. सुटी झाल्यावर बॉयलरच्या वाफेवर फळ्या धरायच्या, मऊ झाल्या की सायकलवरून घरी पळवायच्या आणि गरम आहेत तोवर वाकवायच्या. घरात पाट्या-वरवंट्याची जागा जहाजानं घेतली. मनकर्णाबाई, त्यांची बायको, पहिल्या आठवड्यात धुसफुसली. दुसऱ्या आठवड्यात तिनं स्वतःहून मांजरपाटाची शिडं शिवायला घेतली आणि नवऱ्यानं फळ्यांना ठोकलेल्या टाचण्या वाकड्या बसतात हेही ऐकवलं.

जानेवारीत अर्धं जहाज चादरीत बांधून देवराव बडनेऱ्याच्या गाडीत बसले. चादरीतून नाळ बाहेर आली होती. मूर्तिजापूरला चढलेल्या एका बाईनं विचारलं की हा कोणत्या तऱ्हेचा नांगर आहे. देवरावांनी तिला बडनेरा येईपर्यंत आरमार समजावून सांगितलं. तिनं शेवटी नांगरच म्हटलं.

बुधाजींच्या अंगणात पिछाडी तयार होती. सागवानाची, काचेसारखी गुळगुळीत, मागच्या झरोक्यांना गव्हाएवढी नक्षी. देवरावांना ती आवडली आणि तोंडावर काही दिसू न देण्याची त्यांना फार कसरत करावी लागली. त्यांनी आपली बाजू खाली ठेवली, हळूच पुढे सरकवली.

बसेना. बुधाजींची बाजू दोन्हीकडून फळीच्या जाडीइतकी जास्त रुंद होती. जहाजाला मधेच पायरी पडली होती.

"तुह्या बापाले सांग, माप चुकलं," बुधाजी सुनेला म्हणाले.

"तुह्या सासऱ्याले सांग, माह्यं माप कागदाचं आहे," देवराव म्हणाले.

इंदूनं दोन्ही कागद जवळजवळ ठेवले. चूक कोणाचीच नव्हती, किंवा तिची होती. कागदावरची रुंदी फळ्यांसकट की फळ्यांशिवाय, हे तिनं लिहिलंच नव्हतं. देवरावांनी फळ्यांसकट धरली, बुधाजींनी फासळीपर्यंत धरून वर फळ्या ठोकल्या. तिनं तसं सांगितलं, पण दोघांनीही माना फिरवल्या होत्या. मग मात्र ती उठली.

"मामाजी, बाबा, मी असं करते," ती शांतपणे म्हणाली. "नाळ टेबलावर ठेवते अन् खाली लिहून टाकते, बाकीचं जहाज शत्रूनं नेलं." आणि ती शाळेत निघून गेली.

अंगणात दोन म्हातारे आणि दोन अर्धी जहाजं उरली. मग देवराव खाकरले. चार वर्षांत त्यांनी व्याह्याच्या डोळ्यांत बघून बोलायची ही पहिलीच वेळ होती.

"इवाई, तुमची बाजू तासता येईन काय?"

"तासली तर खिळे उघडे पडतीन."

देवरावांनी चादरीची घडी घालायला घेतली. पुढचं बोलणं जड होतं, कारण त्यात त्यांच्याच बाजूला हात लागणार होता. "मुंबईच्या गोदीत म्या पाह्यलं," ते अखेर म्हणाले, "जुन्या जहाजाले वरून दुसरी फळी ठोकतात. माह्या बाजूले ठोकू. सागवान तुमच्यापाशी आहेच."

बुधाजींनी वाकून देवदाराच्या फळ्यांवरून बोट फिरवलं, नाळेच्या बाकापाशी थांबले. हा बाक लाकूड न मोडता कसा आणला, असं त्यांनी विचारलं. देवरावांनी वाफेचं सांगितलं. बुधाजींनी घरात हाक मारून चहा ठेवायला सांगितलं, आणि दोन कप असं मुद्दाम म्हणाले.

संध्याकाळी इंदू परतली तेव्हा दोघे चुलीवरच्या पातेल्याच्या वाफेवर सागाच्या पट्ट्या धरून बसले होते आणि डोलकाठी किती कलती हवी यावर मोठ्यानं भांडत होते, थेट एकमेकांशी. देवरावांनी गिरणीत तार करून रजा वाढवली.

प्रदर्शनात गुराब मधल्या टेबलावर राहिली. सांधा कुठे आहे ते कोणाला सापडलं नाही. एका मुलीनं मात्र विचारलं, ही पाण्यावर चालते का. दोन्ही व्याही एकदमच हो म्हणाले, आणि मग एकमेकांकडे बघू लागले.

पुढच्या रविवारी दोघांनी ती टांग्यातून वडाळीच्या तलावावर नेली. पाण्यात ठेवली तशी सागवानाची पिछाडी खाली बसली आणि देवदाराची नाळ आभाळाकडे गेली. बुधाजी हताश झाले. देवरावांना मात्र हुरूप आला, कारण हे काम त्यांचं होतं. बोट एका अंगावर झुकली की कोळसा इकडचा तिकडे करावा लागे, ते त्यांनी शेकडो वेळा केलं होतं. त्यांनी वरची एक फळी काढली, काठचे खडे रुमालात बांधून नाळेच्या पोटात ठेवले, एक कमी केला, दोन वाढवले. गुराब सरळ झाली. आणि तेवढ्यात वारा आला.

दोरी बांधायचं दोघांच्याही लक्षात नव्हतं. शिडं फुगली आणि गुराब काठ सोडून निघाली, नाळ किंचित डोलवत, ऐटीत. देवराव कमरेवर हात ठेवून बघत राहिले.

"समुद्र याच्याहून किती मोठा असते, इवाई?" बुधाजींनी विचारलं.

"मले नीट नाई सांगता येत," देवराव म्हणाले. "म्या खालीच होतो. जहाज चालताना भायेरून आजच पाहून राहिलो."

बुधाजींनी मान हलवली. मग दोघे तलावाला वळसा घालून पलीकडे निघाले. गुराब शिंगाड्याच्या वेलांत अडकली होती. तिथे शिंगाडे काढणाऱ्या भोयानं ती काढून दिली आणि बदल्यात अशीच एक आपल्याला करून द्याल का म्हणून विचारलं.

उन्हाळ्यात बुधाजी लाकूड तासायला वाकस घेऊन अकोल्याला आले. या खेपेला जहाज मोठं होतं, तीन डोलकाठ्यांचं, आणि एकाच अंगणात होतं. आराखडा काढायला इंदूनं साफ नकार दिला.