कागदावर टाकलेली

शांता गेली त्या दिवशी सोमेश्वर दुपारभर नेकनूरच्या स्टँडवर बसून होता. त्याला कुठंच जायचं नव्हतं. केजहून आलेल्या गाड्या बीडला जात होत्या, बीडच्या केजकडं, आणि तो काही बाकड्यावरून उठत नव्हता. चहावाल्यानं एकदा विचारलंही, "कोन येनार हाय का, अप्पा?" तर "येनार हाय" म्हणून त्यानं वेळ मारून नेली. फोन बंद करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला होता. तसंच ठरलं होतं.

दिवस कलला. चौकशीचा साहेब आता येऊन गेला असेल अशा अंदाजानं त्यानं फोन चालू केला, तो लगेच वाजला. गिरणीशेजारची विमलबाई होती.

"कुटं गेलतात ओ तुमी?" ती रडत रडत ओरडली. "कवाधरनं लावायलेय! शांताक्काला सरकारी दवाखान्यात आनलंय. या लवकर." मग तिचा आवाज पडला. "लवकर येऊन तरी आता काय करनार म्हना."

सोमेश्वर आणि शांता केजात पिठाची गिरणी चालवत. गिरणी भाड्याची आणि मागची राहायची खोलीही भाड्याची. पोरगी ऋतुजा बारावीत गेली तसं शांतानं एकच धरलं होतं, भिंतीत खिळा ठोकायला कुणाला विचारावं लागणार नाही असं घर पाहिजे. गावाबाहेर दोन खोल्यांची नवी घरं झाली होती, त्यातलं कोपऱ्यातलं तिला आवडलं होतं. बँकेची कागदं करून देणारा पप्पू एकदा गिरणीवर येऊन बसला आणि सगळं समजावून गेला.

"काका, पहिलंच घर घेनाऱ्याला सरकार कर्जाच्या व्याजात सूट देतंय. सूट न्हाई भेटली तर हप्ता तुमाला झेपायचा न्हाई. अट एकच. नवरा, बायको, बिनलग्नाची लेकरं, यातल्या कुनाच्याच नावावर देशात कुटंबी पक्कं घर नको."

आणि घर तर होतं. मूळ गावी, युसूफ वडगावात, वाटणीला आलेल्या स्लॅबच्या दोन खोल्या. त्यात धाकटा भाऊ सोमलिंग राहत होता. सोमेश्वर तिथं वर्षातून एखाद्या वेळी पाणी प्यायला जाई, पण नाव त्याचं लागलेलं होतं.

पप्पूनं दोन वाटा सांगितल्या. खोल्यांवरचा हक्क सोडून त्या भावाच्या नावानं करायच्या आणि मग अर्ज द्यायचा. "टाइम लागंल, पर सरळ हाय." दुसरी वाट सांगताना त्यानं शांताकडं बघून हात जोडले. "रागवू नका, काकू. तुमाला येगळं दाखवायचं. परित्यक्ता. नवऱ्यानं टाकलेली. मग काकाचं घर काकाचं, तुमचं घर तुमचं. कागदावरच हो, खरं थोडंच!"

पप्पू गेल्यावर शांता म्हणाली, "देऊन टाका की भाऊजीला. तसंबी तेच ऱ्हायलेत तिथं."

"बापानं दिलेला वाटा हाय. असा सोडीत नसतेत."

"आन बायको सोडीत असतेत?"

"कागदावर म्हनलाय त्यो."

"बघा बरं," शांता हसली. "खोल्यांपरीस सोप्पी निगाले मी."

हे तिनं हसून म्हटलं, म्हणून सोमेश्वरही हसला होता.

नवऱ्यानं टाकल्याचं शपथपत्र जोडून अर्ज शांताच्या नावानं गेला. गिरणीही तिच्या नावानं दाखवली. मग पप्पूचा निरोप आला, साहेब चौकशीला येणार, काकांनी त्या दिवशी गावातच राहू नये, आणि फोनही बंद ठेवावा. त्याच्या आदल्या दिवशी शांता जात्यापुढं उभी राहून पाठ करत होती.

"मला नवऱ्यानं टाकलंय, साहेब." म्हणायची आणि फिस्सकन हसायची.

"आई, टाकलेली बाई अशी हसत असती का?" ऋतुजा म्हणाली.

"तुज्या बापानं टाकल्यावर रडायचं कावून? सुटले म्हनून हसनारच की!"

सकाळी तिनं मंगळसूत्र काढून ज्वारीच्या डब्यात ठेवलं. गळ्यातलं इष्टलिंग मात्र काढलं नाही. म्हणाली, "हे नवऱ्यानं दिल्यालं न्हाई." सोमेश्वर निघाला तशी ती छाती चोळत दारापर्यंत आली.

"लई जळजळ व्हायलीय. थांबता का जरा?"

"आन साहेब आला म्हंजी? ओवा खा चिमूटभर."

एवढं बोलून तो नेकनूरला गेला होता.

दवाखान्याच्या ओट्यावर विमलबाईनं त्याला सगळं सांगितलं. ती दळण न्यायला गेली तेव्हा साहेब खुर्चीवर बसून लिहीत होते. शांता सांगता सांगता पोत्यावर टेकली. पीठ लागलेल्या कपाळावर घामाचे ओघळ आले. साहेब उठले, म्हणाले, बाई, घरचं कोणी? नवऱ्याला बोलावू का?

"तर म्हनली, नवरा न्हाई मला. टाकलंय. मी म्हनलं, आगं अप्पाला लावते की फोन. तर माजा हात घट्ट धरला आन हळूच म्हनती, नको, सगळं वाया जाईल. तरी मी पायरी उतरून गुपचूप लावला ओ. किती लावला! तुमचा बंद."

साहेबांनीच तिला आपल्या गाडीत घालून आणलं होतं. रस्त्यातच ती गेली. ते अजून दवाखान्यातच उभे होते, परक्या बाईसाठी. सोमेश्वर आत शिरला तसे पुढं आले.

"तुम्ही कोण बाईंचे?"

सोमेश्वरला पुढं पुष्कळदा वाटलं की त्या वेळी आपल्याला काही सुचत नव्हतं. पण तसं नव्हतं. त्याला सुचलं होतं. अर्ज सुचला होता, खोटं शपथपत्र सुचलं होतं.

"मी दीर," तो म्हणाला.

"बरं झालं, कुणीतरी आलं. नवरा म्हणजे काय माणूस असेल हो तो! शेवटपर्यंत बाई त्याला बोलवू नका म्हणत होत्या."

सोमेश्वरनं मान हलवली. मग मागं वळला, तर ऋतुजा दारात उभी होती. तिनं ऐकलं होतं.

दिराच्या सहीवर शांता घरी आली. वडगावच्या शेतात लिंगायत रीतीनं तिला बसवून माती दिली. मातीला आलेल्या सगळ्यांना ती कुणाची कोण ते माहीत होतं, म्हणून तिथं कुणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी पप्पू आला. चहा घेतला, डोळे पुसले आणि म्हणाला, "काका, काकू गेल्या पर काम अडत न्हाई. ऋतुजाला अठरा लागू द्या, तिच्या नावानं नवा अर्ज टाकू. टाकलेल्या आईची पोरगी म्हनलं की साहेबबी नरम पडतेत."

"आईला टाकलं नव्हतं," ऋतुजा आतून म्हणाली. "सांगा की त्यांला, अप्पा."

सोमेश्वर पप्पूला म्हणाला, "ऊठ बे."

"काका, तुमच्याच भल्याचं—"

"ऊठ म्हनलं ना."

पप्पू गेला. घरही गेलं, हे तिघांनाही कळलं होतं. ऋतुजा मात्र बाहेर आली नाही. पप्पूला उठवणं म्हणजे सांगणं नव्हे, हे तिलाही कळत होतं.

पुढच्या आठवड्यात सोमेश्वरनं वडगावच्या खोल्यांचा हक्क सोडून दिला. सही करताना हात जराही अडखळला नाही. सोमलिंग बघतच राहिला. "आता कावून, अन्ना? वैनी होती तवा केलं असतं तर..." निघताना त्यानंच भावाला एसटीत बसवून दिलं आणि गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभा राहिला.

मग सोमेश्वर मृत्यूचा दाखला आणायला गेला. दाखल्यावर पतीच्या नावाची जागा कोरी होती. त्यानं खिडकीतल्या बाईंना म्हटलं, "इथं माजं नाव पायजे. मी नवरा हाय तिचा."

बाईंनी दवाखान्यातून आलेला कागद काढला आणि दोनदा वाचला. "इथं परित्यक्ता लिहिलंय, काका. घरकर्जाच्या चौकशीला आलेल्या साहेबांनी तसं सांगितलंय. आणि देह दिरानं नेलाय. सही..." त्यांनी वर बघितलं. "सही तुमचीच आहे का?"

"माजीच हाय."

बाईंनी तो कागद मिटून बाजूला ठेवला. मग एक कोरा कागद पुढं सरकवला. "दुरुस्तीचा अर्ज लिहून द्या. त्या वेळी दीर म्हणून का सांगितलं, ते कारण लिहा. पण बघा, त्या घराच्या अर्जाचीही मग चौकशी लागेल."

"लागू द्या."

तो कागद घेऊन घरी आला. चौकशीची भीती आता राहिली नव्हती, ती शांताबरोबर गेली होती. रात्री गिरणी बंद करून त्यानं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, मयताशी नातं काय, तिथं पती लिहिलं. पुढं पेन चालेना. दोन खोल्यांसाठी, असं लिहावं तर ते खरं होतं, पण ते साहेब वाचतील, ऋतुजा वाचेल. घाबरलो होतो, असं लिहावं तर बायको त्याच्यापेक्षा जास्त घाबरलेली असणार, आणि तिनं शब्द फिरवला नव्हता.

ऋतुजा आता रोज दळणाला बसते. जातं थांबलं की एकदा विचारते, "लिहिलं का, अप्पा?"

"न्हाई," तो म्हणतो.

मंगळसूत्र ज्वारीच्या डब्यात तसंच आहे. अर्जावर कारण लिहायचं अजून राहिलं आहे.