बारा नमुन्यांतलं डुक्कर

रूना थोरवाल्डसन सेहेचाळिसाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थ्यांच्या बाकावर बसली, कारण दुसऱ्याच्या वाचनावर विसंबायचा तिला वीट आला होता. वीस वर्षं ती सरकारी मत्स्यखात्यात होती. माशांच्या परांची टोकं कापायची, कुप्यांत घालून डीएनए तपासणी केंद्राकडे पाठवायची आणि ते सांगतील ते खरं मानायचं. विनिपेगमधल्या या सहा दिवसांच्या शिबिरात जीनोमचा कच्चा डेटा स्वतः तपासायला शिकवत होते. बाहेर उणे एकतीस, आत बावीस शास्त्रज्ञ सकाळी आठपासून कमांड ठोकत बसलेले.

चौथ्या दिवशी डॉक्टर पेनरांनी सरावासाठी मुद्दाम बिघडलेला डेटा वाटला. पेनर शिबिराचे मुख्य शिक्षक. हसतमुख, जिभेवर साखर.

"हे सरोवरातल्या पिकरेल माशांचे नमुने," ते म्हणाले. "पण यात डुकराचा डीएनए सापडतो. आता सांगा, सरोवरात डुक्कर कुठून आलं?"

"पोहत!" मागून कुणीतरी म्हणालं.

"नाही. कोळ्याच्या डब्यातून. एका हातात बेकन सँडविच, दुसऱ्या हातात मासा! नमुने घेणारा माणूसच गचाळ असला, तर संगणक बिचारा काय करणार?"

वर्ग खो खो हसला. रूनाही हसली असती, पण तिची नजर तारखांवर गेली. नावं खोडली होती, तारखा आणि ठिकाणं तशीच होती. सोळा फेब्रुवारी, हेक्ला बेटाच्या उत्तरेला. त्या दिवशी बर्फ फुटून, तिच्यासाठी नमुने गोळा करणाऱ्या एइनारकाकांची बर्फगाडी अर्धी पाण्यात गेली होती. हे तिचेच नमुने होते.

आठ वर्षांपूर्वी या डुकरापायी तिचा प्रकल्प बंद पडला होता. केंद्राचा दोन पानी अहवाल आला होता: 'नमुने गोळा करताना निष्काळजीपणा.' डेटा आला नव्हता. आला असता तरी तिला वाचता आला नसता. तो अहवाल घेऊन ती थेट एइनार योहानसन यांच्या दारात गेली होती. एइनार तिच्या वडिलांचे जुने जोडीदार, चाळीस वर्षं बर्फाखाली जाळी टाकलेले. त्यांना ती अंगणात, त्यांच्या सुनेसमोर, वाट्टेल ते बोलली होती. खात्याने त्यांचं काम काढून घेतलं, ते तिच्याच पत्रावरून.

रूनाची कानशिलं तापली. ती कीबोर्डच्या कळा बडवायला लागली.

"अगं, हळू," शेजारची डेल्फीन द्युशार्म म्हणाली. ती वनखात्यात हरणांवर काम करायची. "तुटेल ते."

"तुटू दे."

तिने नमुने तारखेप्रमाणे लावले. डुक्कर विखुरलेलं, एक मासा या दिवसाचा, एक त्या दिवसाचा. त्यातले पाच तर तिने एकटीने कापलेले. मग तिने ते केंद्रात नमुने भरतात त्या प्लेटमधल्या जागेप्रमाणे लावले. प्लेटला शहाण्णव खळगे, बारा-बारांच्या आठ ओळी. एका ओळीत बाराच्या बारा डुक्कर. बाकी चौऱ्याऐंशीत नावालाही नाही.

"डेल्फीन, बघ गं. मी चुकतेय का?"

डेल्फीनने दोनदा पाहिलं. "बारा तोंडांची पिपेट, एका दमात अख्खी ओळ भरणारी," ती हळूच म्हणाली. "आधी कुणाच्या तरी डुकरांचे नमुने भरले आणि टोकं न बदलताच तुझे मासे. हे सरोवरावर झालंच नाही. केंद्रात झालंय."

रूना उभी राहिली.

"डॉक्टर, हे मासे सतरा दिवसांत, सहा ठिकाणी कापलेत. एका ओळीत आले ते फक्त तुमच्या प्लेटमध्ये. तेव्हा केंद्र तुम्हीच चालवत होता. अहवालावर सही तुमची आहे."

पेनरांनी हसू टिकवलं. "रूना, हा सरावाचा डेटा आहे. मनाला लावून घेऊ नका. म्हणून तर नावं काढलीत."

"नावं काढलीत, दोष ठेवलात. ही ओळ तुम्हाला दिसली नव्हती?"

"त्या वर्षी कामाचा फार रेटा होता. बघायचं राहिलं असेल."

"आणि नंतर? किती वर्षं शिकवताय हे?"

"पाच."

"पाच वर्षं एका माणसाला गचाळ म्हणून वर्ग हसवलात, आणि एकदाही स्वतः डेटा उघडला नाहीत? मग आम्हाला काय शिकवताय, कप्पाळ?"

कुणी हसलं नाही. चहाच्या सुट्टीत व्यवस्थापक बाई तिच्याजवळ आल्या. "उरलेले दोन दिवस गोडीगुलाबीने जाऊ द्या ना."

"गोडी तुमच्याकडेच ठेवा. चूक कुणाची, ते मला लेखी हवंय."

ती शिबिर सोडून गेली नाही. पुढच्या रांगेत बसली आणि अडेल तिथे पेनरांनाच विचारत राहिली. तेही तिच्याकडे न बघता उत्तरं देत राहिले. शेवटच्या दिवशी केंद्राचं पत्र मिळालं: 'चूक केंद्रात झाली असण्याची शक्यता आहे.' तिने ते तिथल्या तिथे परत केलं. दुसरं आलं, तेही परत केलं. महिन्याने तिसरं आलं: 'चूक केंद्रात झाली.'

ते घेऊन ती गाडीने रिव्हर्टनला गेली. एकोणऐंशी वर्षांचे एइनार शेडमध्ये जाळं विणत होते. त्यांनी पत्र वाचून खाली ठेवलं.

"मग?"

"काका, तुमची चूक नव्हती."

"ते मला तेव्हाच ठाऊक होतं, पोरी. कागद तुला लागत होता."

"मी माफी मागायला आलेय. त्या पेनरने—"

"पेनर कोण, मला माहीत नाही. तोही मला ओळखत नव्हता. तू ओळखत होतीस. माझ्या घरी जेवून मोठी झालीस. जा आता."

त्या घरातून कॉफी न घेता कुणाला जाऊ देत नसत. रूना तशीच निघाली.

दुसऱ्या आठवड्यात तिने ते पत्र जुना अहवाल गेलेल्या प्रत्येकाला पाठवलं. खाली स्वतःची ओळ लिहिली: 'मी न तपासता एका निर्दोष माणसावर ठपका ठेवला.' दोन दिवसांनी एइनारांच्या सुनेचा फोन आला.

"वाचलं त्यांनी. दोनदा."

"काही म्हणाले?"

"नाही."

"राग गेला?"

"नाही गं. खोटं कशाला सांगू?"

"बरं," रूना म्हणाली आणि फोन ठेवला.