केतकीबागेतली पाटी

रंगनाथराव उपळेकरांना सरळ बोलता येत नसे. जीभ जड होती असं नव्हे. जीभ चांगली चुरचुरीत होती, तीच तर पंचाईत. कोणी वेळ विचारली तर "का, घड्याळ विकलंत?" असं आधी विचारायचं आणि मग वेळ सांगायची, हा त्यांचा खाक्या. नदीच्या अंगाला असलेल्या केतकीबाग महालाचे ते बारा वर्षं व्यवस्थापक होते. महाल म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हतं. कुण्या सरदाराने हवा खायला बांधलेली दुमजली इमारत, भोवती बाग, पुढे चौकोनी हौद, त्यात चार कारंजी, पैकी दोन उडणारी, आणि हौदावर पुढे आलेला लाकडी सज्जा. शनिवारवाडा बघून, विश्रामबागेत डोकावून पाय दुखायला लागलेले पाहुणे शेवटी इथे यायचे, सज्ज्यात उभे राहून फोटो काढायचे आणि जेवायला जायचे. सगळा कारभार रंगनाथराव आणि तिकिटाच्या खिडकीतल्या विमलाबाई या दोघांवर चालला होता.

गणपती झाल्यावर सज्ज्याखालच्या फरशीवर भुसा दिसायला लागला. पिवळसर, रव्यासारखा बारीक, सुपारीएवढा ढीग. झाडून टाकला की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथेच. चार दिवस रंगनाथरावांनी दुर्लक्ष केलं, पाचव्या दिवशी वैजनाथ सुताराला बोलावलं. वैजनाथ मुळशीकडचा, मोजकं बोलणारा. शिडी लावून तो सज्ज्याखाली चढला, तुळयांवर हातोडीची मूठ आपटून कान लावला आणि भिंतीजवळच्या टोकाला पटाशी टेकवून दाबली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली.

"भितीतलं टोक संपलंय, साहेब," तो खाली उतरून म्हणाला. "वरनं रंग हाय म्हणून दिसत न्हाई. आत नुसता भुसा हाय. दिवाळी झाली की येतो, लोखंड घालून घेऊ. तवर दाराला कुलूप घाला."

"पाटी लावतो," रंगनाथराव म्हणाले.

"पाटी कशाला? कुलूप घाला की."

"अहो, हे पुणं आहे. इथे पाटी लावली की माणूस थांबतो."

वैजनाथने पटाशी पुसली, पिशवीत टाकली आणि तो निघून गेला. मोठ्या माणसाशी वाद कोण घालणार?

आता तुम्ही म्हणाल, 'धोका आहे, वर जाऊ नये' एवढं लिहायला काय झालं होतं? काही झालं नव्हतं हो. पाच शब्द. पण असले पाच शब्द तर कुठलाही कारकून लिहितो, त्यात रंगनाथराव उपळेकर कुठे दिसणार? त्यांनी दुपारभर बसून, कागदावर कागद फाडून, शेवटी पत्र्यावर झकास अक्षरात रंगवलं:

'सज्ज्याच्या तुळईत किड्यांची पंगत बसली आहे. एका वेळी पाचाहून अधिक पाहुण्यांनी येऊन पंगतीत व्यत्यय आणू नये. सहाव्याने आपले वजन घरी ठेवून यावे.'

पाच हा आकडा वैजनाथने दिला नव्हता. तो रंगनाथरावांनी स्वतःच ठरवला, कारण अगदीच बंद केलं तर पाहुणे कुरकुरतात. पाटी त्यांनी तारेने कठड्याला बाहेरच्या बाजूने टांगली, म्हणजे बागेतूनच वाचता यावी.

त्या शनिवारी त्यांची नात सृष्टी आली. एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाणारी, आजोबांची लाडकी. पाटी वाचून ती हसून हसून खालीच बसली.

"आजोबा, खरंच किडे आहेत?"

"आहेत ना. तुझ्यापेक्षा शिस्तीत जेवतात."

झालं. तिने पाटीचा व्हिडिओ काढला आणि टाकला. आठ दिवसांत तो लाखो लोकांनी बघितला म्हणे. दसऱ्यापासून केतकीबागेत जी गर्दी लोटली ती बारा वर्षांत कधी नव्हती. लोक शनिवारवाडा सोडून आधी इकडे यायला लागले. पाटीसकट फोटो हवा तर कठड्यावरून बाहेर वाकायला लागे, मग एकाच्या पाठीवर दुसरा, दुसऱ्याच्या खांद्यावर तिसरा. दहा जण, बारा जण. सहावा कोण यावर तर पैजा लागायच्या.

रंगनाथरावांना हे दिसत होतं. खोटं कशाला सांगू? रोज दिसत होतं. भुसा आता सुपारीएवढा राहिला नव्हता, ओंजळभर झाला होता. कुलूप घालावं असं रोज सकाळी त्यांच्या मनात येई. आणि मग दहा वाजता कोणीतरी फाटकातून हाक मारी, "अहो, पाटीवाले काका तुम्हीच ना? एक सेल्फी प्लीज." अडुसष्ट वर्षांच्या माणसाला इतक्या उशिरा कौतुक मिळालं की तो शेफारतो. रंगनाथराव शेफारले. गर्दी फारच झाली तर ते खालून ओरडत, "किडे तक्रार करतायत," आणि वरचे खिदळत.

भाऊबीज झाली आणि पुढचा रविवार उजाडला. साडेसातला रंगनाथराव झाडू घेऊन सज्ज्याखाली गेले, तर फरशीवर सुपलीभर भुसा. त्यांनी वर पाहिलं. भिंत आणि तुळई यांच्यामध्ये बोटभर फट पडली होती. काल ती नव्हती. ते बघत होते तेवढ्यात फटीतून आणखी थोडा भुसा गळला आणि त्यांच्या चष्म्यावर पडला.

आजपासून बंद, त्यांनी ठरवलं. पाटीबिटी काही नाही, कुलूप. पण सज्ज्याच्या दाराला नुसती कडी होती. कुलूप शोधलं, सापडलं नाही. महाल उघडतो नऊला. विमलाबाई यायच्या आत परत येऊ म्हणून ते पायीच मंडईमागच्या दुकानाकडे निघाले.

दुकानदाराने कुलूप काढून दिलं आणि त्यांच्याकडे निरखून बघितलं.

"आपण पाटीवाले काका ना? अहो, बसा बसा. आमच्यासाठी पण एक होऊन जाऊ दे. घासाघीस करणाऱ्यांसाठी."

आणि काय सांगू तुम्हाला, रंगनाथराव बसले. चहा आला. पहिला मजकूर जमला नाही, दुसरा बरा होता, तिसरा मात्र असा फक्कड साधला की दुकानातली चार गिऱ्हाइकं हसली. एकाने तो टिपून घेतला. रंगनाथराव उठले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा झाले होते. रिक्षा मिळेना, ते झपाझप चालत सुटले. दहाच्या आत कोणी येत नाही, असं स्वतःला बजावत होते.

विमलाबाईंनी नऊला महाल उघडून तिकिटं द्यायला सुरुवात केली होती. फाटकापासूनच त्यांना हसणं ऐकू आलं.

सज्जा माणसांनी भरला होता. कॉलेजातली मुलंमुली, कठड्याला चिकटून दोन रांगा, मागे तिसरी. त्यांनी मोजायला सुरुवात केली आणि सव्वीसवर थांबले. मधोमध, नारिंगी कुडत्यात, सृष्टी उभी होती. आजोबांना न कळवता ती वर्गातली सगळी मंडळी घेऊन आली होती, त्यांना दाखवायला की पाटीवाले काका म्हणजे माझे आजोबा.

रंगनाथराव हौदाच्या कडेला जाऊन उभे राहिले. "खाली उतरा. सगळे उतरा."

सव्वीस जण हसले. निकिता नावाच्या सृष्टीच्या मैत्रिणीने फोन वर केला. "काका, परत एकदा. कॅमेऱ्याकडे बघून."

"तुळई पोकळ आहे. खरं सांगतोय."

"आणि किड्यांचं जेवण झालं का?" मागून कोणीतरी विचारलं.

रंगनाथरावांनी हात जोडले. "पोरांनो, कृपा करून उतरा. पाया पडतो तुमच्या."

यावर जो हशा उसळला त्याला तोड नव्हती. "फुल फॉर्ममध्ये आहेत आजोबा," सृष्टी शेजारणीला म्हणाली. "कृपा करून! घरी तर कधी प्लीजसुद्धा म्हणत नाहीत." आणि ते जोडलेले हात नीट दिसावेत म्हणून मागची रांग पुढे सरकली. सगळं वजन कठड्याशी आलं. सज्ज्याखालून चाळणीतून पीठ पडावं तसा भुसा पडायला लागला. वरून कोणालाच तो दिसत नव्हता.

रंगनाथरावांनी तोंड मिटलं. आपण बोलतोय तोवर ही पोरं पुढे वाकत राहणार, हे त्यांना लख्ख कळलं. वर जावं तर जिना अरुंद, आत धक्काबुक्की, त्यात आपलं वजन. काय करावं? सोनचाफ्याच्या झाडाला फुलं काढायची आकडी टेकवलेली होती. ती दिसली आणि त्यांना सुचलं. ही पोरं सज्ज्यासाठी आलेली नाहीत, पाटीसाठी आलेली आहेत.

त्यांनी आकडी उचलली, पाटीच्या तारेत अडकवली आणि हिसका दिला. पाटी हौदाच्या काठावर आदळली. ती काखेत मारून ते म्हणाले, "ज्याला हिच्याबरोबर फोटो हवा त्याने फाटकापाशी यावं. पाटीवालाही तिथेच मिळेल."

आणि अडुसष्ट वर्षांचे रंगनाथराव फाटकाकडे धावत सुटले. मागे जिन्यावर धडधड पावलं वाजली. एकेक जण बाहेर पडत होता, आरडाओरडा करत त्यांच्यामागे पळत होता, तसतसा त्यांच्या छातीवरचा भार हलका होत होता. फाटकापाशी त्यांना सगळ्यांनी गराडा घातला. त्यांनी डोकी मोजली. पंचवीस. पुन्हा मोजली. नारिंगी कुडता कुठे दिसेना.

सृष्टी आली नव्हती. ती कशाला येईल? तिच्या फोनमध्ये पाटीचे पन्नास फोटो होते, आणि पाटीवाला तर घरचाच होता. तिला पहिल्यांदाच सज्जा मोकळा मिळाला होता. ती एकटी कठड्याशी उभी राहून पाटी घेऊन पळणाऱ्या आजोबांचा व्हिडिओ काढत होती.

"आजोबा, इकडे बघा ना," तिने हात हलवला.

"सृष्टी, मागे हो. भिंतीकडे जा."

भोवतालची मुलं पुन्हा हसली. कोणी पाटी सरळ धरली, कोणी त्यांच्या खांद्यावर हात टाकला. रंगनाथरावांनी ढकलाढकली केली, कोणाचा तरी फोन पडला, तरी वाट मिळेना. त्या गर्दीत आजोबा दिसेनासे झाले, तेव्हा नीट दिसावं म्हणून सृष्टी कठड्याच्या खालच्या पट्टीवर चढली.

पंचवीस जणांच्या धावपळीने तुळईचं टोक भिंतीतून निसटत आलं होतं, तेवढं वजन पुरलं. आवाज फारसा मोठा झाला नाही. जेवायचा जुना पाट मोडावा तेवढाच झाला. सज्जा आधी एका कोपऱ्यात खाली बसला, मग सगळाच्या सगळा हौदाच्या दगडी काठावर आला.

रंगनाथराव पोचले तेव्हा पाण्यावर भुशाचा थर पसरला होता. सृष्टी काठाच्या दगडाला टेकून कमरेपर्यंत पाण्यात पडली होती, डोळे उघडे होते. ते हौदात उतरले आणि त्यांनी तिचं डोकं धरलं. मागे निकिता रडत रडत ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगत होती.

"हलू नकोस," रंगनाथराव म्हणाले. "अजिबात हलू नकोस, बाळा."

"मला पाय कळत नाहीयेत, आजोबा."

त्यांनी पाण्यात हात घालून तिचा पाय दाबला. तिला ते समजलंच नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"खरंच पोकळ होती?"

"हो."

"मग नीट सांगायचं ना," सृष्टी म्हणाली.

गाडी येईपर्यंत ते तिचं डोकं पुन्हा दोन्ही हातांत तसंच धरून पाण्यात उभे राहिले.