उभं अंडं

"पेटी उघडा," बायको म्हणाली. डोळ्यावरची पट्टी अजून सुटली नव्हती आणि दवाखान्याची पिशवी दारातच पडली होती.

"अगं, आधी बस तरी. चहा टाकतो."

"चहा कुठे पळून जातोय? उघडा."

घड्याळजींचा सगळा जन्म बारीक चाकं जुळवण्यात गेला होता. मधमाश्या हा बायकोचा प्रांत. गेल्या वर्षी माइटनं, म्हणजे माशीला चिकटून तिला शोषणाऱ्या मोहरीएवढ्या तांबड्या किड्यानं, तिच्या दोन पेट्या संपवल्या. ही एकच उरली होती. ऑपरेशनला जाताना तिनं बजावलं होतं, की बाटलीत वाटीभर माश्या घ्या, पिठीसाखर टाकून घोळवा, माइट सुटून पडतात. फार पडले तर औषधाच्या पट्ट्या लावा.

ते सगळं त्यांनी नीट केलं. माइट पुष्कळ पडले, पट्ट्याही लावल्या. फक्त बाटली भरण्याआधी त्या माश्यांत राणी नाही ना, हे बघायचं राहिलं. आठवलं ते दवाखान्यातून आलेल्या बायकोच्या फोनमुळे.

"राणी बघून घेतलीत ना?"

"घेतली की," ते म्हणाले, आणि झोप उडाली ती उडालीच. त्या घुसळण्यात राणीचा नुसता पाय जरी मोडला असला तरी पेटीचा निकाल लागला. पुढे दोनदा पेटी उघडूनही ती दिसली नव्हती. आणि राणीवाचून पेटी थंडी काढणार नाही, एवढं त्यांनाही कळत होतं.

आता त्यांनी पेटीला धूर दिला. जाळीची टोपी घालून बायको हातभर अंतरावर उभी राहिली.

"माइट?"

"खालच्या पत्र्यावर मेलेले पडतात. आता रोज कमीच."

"म्हणजे औषध लागू पडलं," ती खुशीत म्हणाली. त्या खुशीनंच त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अगं, राणी बघितलीच नव्हती मी. खोटं बोललो."

"माहितीये. बघितली असतीत तर कुठे होती, कशी होती, चांगलं चऱ्हाट लावलं असतंत. नुसतं 'घेतली की' म्हणालात, तेव्हाच समजले."

"मग बोलली का नाहीस?"

"तिथं पडल्या पडल्या बोलून काय उपयोग होता? आता राणीला शोधू नका. मधली चौकट काढा, उन्हाकडे धरा आणि मेणाच्या घरांच्या तळाशी बघा."

घड्याळजींनी सवयीनं डोळ्याला भिंग लावलं. एक घर रिकामं, दुसरं रिकामं. तिसऱ्याच्या तळाशी दोऱ्याच्या तुकड्यासारखं काहीतरी पांढरं होतं.

"अंडं आहे."

"उभं की आडवं?"

"उभं. ताठ."

बायकोनं हातानं मागे चाचपलं आणि ती पालथ्या बादलीवर बसली. "ते ताजं असतं. दुसऱ्या दिवशी कलतं, मग आडवं पडतं. आहे हो ती. इथंच आहे."

घड्याळजींचा जीव भांड्यात पडला. हसू आलं आणि भिंगाची काच धूसर झाली. ती पुसून त्यांनी पुन्हा डोळ्याला लावली.

"शेजारचं घर?" तिनं विचारलं.

"उभं."

"त्याच्या पुढचं?"

"हे जरा कललंय."

"कालचं. वाचत राहा."

ते एकेक घर वाचत गेले. ती उघडा डोळाही मिटून ऐकत राहिली.