स्तामाताच्या नावावर फुटणारं तेल

रविवारची प्रार्थना आटोपली आणि निम्मं गाव चर्चमधून थेट पोलिक्सेनीच्या अंगणात येऊन उभं राहिलं. कालामाता शहराच्या वरच्या डोंगरातल्या त्या ग्रीक गावात एवढी गर्दी लग्नालाही होत नसे. टेबलावर पाण्यानं भरलेली थाळी, शेजारी ऑलिव्ह तेलाची वाटी आणि समोर नजर उतरवणारी एव्हांथियामावशी. मावशी तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, मध्येच मोठी जांभई द्यायची आणि नजर फार जड आहे म्हणून सांगायची. जांभई आम्हालाही येते, पण त्याबद्दल आम्हाला कुणी कोंबडी देत नाही.

जिच्या नावावर तेल फुटेल तिची नजर, असं सांगून मावशीनं एकेका शेजारणीचं नाव घेत पाण्यात तेल सोडलं आणि बोट टेकवलं. थेंब जागच्या जागी गोल राहिले. मग तिनं नवी थाळी घेतली, "स्तामाता" म्हणाली, बोट टेकवलं, आणि तेलाची दाणादाण उडाली. थेंब काठाकडे पळाले, फुटले. बायकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

पोलिक्सेनीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, अगदी गार वाटलं. भिंतीपलीकडच्या स्तामाताचं लिंबाचं झाड फळांनी वाकलेलं आणि हिच्या झाडाची पानं पिवळी. येणारा-जाणारा पलीकडचंच झाड वाखाणायचा, तेव्हा हिचा नुसता जळफळाट व्हायचा. पण आपल्याला हेवा वाटतो हे कोण कबूल करतं? त्यापेक्षा तिची नजर लागते म्हणणं सोपं. गेले दोन महिने मावशीच्या सांगण्यावरून ही दर शुक्रवारी भिंतीच्या कडेनं ओंजळी भरभरून मीठ टाकत होती, नजर अडवायला. वर स्तामाताच्या दारात केर लोटायची, ती विकते ते चीज कुणी घेऊ नये म्हणून घरोघरी सांगत फिरायची. स्तामाता विधवा, एकटी. शेवटी तिनं घराला कुलूप लावून पात्रा शहरात बहिणीकडे जायचं ठरवलं. आत्ताही ती भिंतीपलीकडे बोचकं बांधत होती आणि सगळं ऐकत होती.

गर्दीतून औषधाच्या दुकानाची आर्गिरो पुढे आली. "मावशी, बाकीच्यांच्या वेळी बोट एप्रनला पुसलंत. स्तामाताच्या वेळीच रुमालाला का हो?"

"मंतरलेला रुमाल आहे तो, पोरी. हात लावलास तर वाईट होईल."

"होऊ दे."

आर्गिरोनं रुमालाचा कोपरा पेल्यातल्या पाण्यात बुडवून हलवला. पेल्यात फेस आला. रुमालात साबण भरलेला होता. साबणाचं बोट लागलं की पाण्यावरचं तेल पळतं, हे तिथल्या भांडी घासणाऱ्या प्रत्येक बाईनं रोज पाहिलेलं होतं. मग आर्गिरोनं ताजं पाणी, ताजं तेल घेतलं, रुमालाला बोट पुसलं आणि पोलिक्सेनीचं नाव घेतलं. तेल तसंच उधळलं.

"काय काकू, तुमची तुम्हालाच नजर लागली?"

"आणि माझं झाड? ते का वाळतंय मग?"

आर्गिरोनं भिंतीलगतच्या त्या झाडाखालची माती उकरली. माती मिठानं पांढरी पडली होती. थंडीत पानं पिवळी पडतातच, ती म्हणाली, थोडं खत पुरलं असतं. तुम्ही मुळांना मीठ चारलंत.

मावशी कोंबडी काखेत मारून फाटकाबाहेर पडली. पोलिक्सेनी मात्र भिंतीपाशी गेली.

"स्तामाता, नजर माझीच होती गं. तुझं झाड मला बघवत नव्हतं. जाऊ नकोस."

स्तामातानं बोचक्याची गाठ आवळली. "मावशी खोटं बोलली खरी. पण ते खोटं तुम्हा सगळ्यांना हवं होतं. दोन महिन्यांत एकीनंही येऊन मला काही विचारलं नाही."

दुपारच्या बसनं ती गेली.

म्हणून सांगणं एवढंच: कुणी थाळीत तुमच्या शेजाऱ्याचं नाव दाखवलं, तर आधी दाखवणाऱ्याचा रुमाल तपासा. मग शेजाऱ्याचं आपल्याला नेमकं काय खुपतंय ते स्वतःला विचारा. आणि त्याचं दार वाजवा, तो तिथे राहतोय तोवर.